इन्व्हर्टरच्या बॅटरीकडचा करंट वर-खाली होतो? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

लाईट गेली की पंखा पहिली काही मिनिटे नीट फिरतो, मग मंद पडतो, परत वेग घेतो. एलईडी बल्ब लुकलुकतात. इन्व्हर्टर मध्येच ‘लो बॅटरी’ची बीप देतो, एखादा पंखा बंद केला की बीप थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. डिस्प्ले असेल तर बॅटरीचे व्होल्टेज १२.३ वरून एकदम ११.२ वर उतरून परत चढताना दिसते. चार्जिंगच्या वेळी वेगळीच लक्षणे. लाईट आल्यावर तासाभरातच ‘बॅटरी फुल’चा दिवा लागतो आणि पुढच्या खेपेला लाईट गेली की अर्ध्या तासात सगळे बंद. काही घरांत चार्जिंगचा दिवा सारखा लागतो-विझतो आणि आतला रिले (आपोआप चालू-बंद होणारा खटका) टक्-टक् वाजत राहतो.

यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या वाटेत कुठेतरी करंट अडतो आहे असा पहिला संशय घ्या. मी गोव्यात पेडणे आणि बारदेश भागात इन्व्हर्टर-बॅटरीची कामे करतो. पाऊस सुरू झाला की याच तक्रारीचे फोन वाढतात आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आणखी वाढतात, कारण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि इन्व्हर्टरवर नेहमीपेक्षा जास्त भार येतो. बहुतेक घरांत दोष बॅटरीच्या पोटात नसतो, तिच्या डोक्यावरच्या जोडांत असतो. तरी लोक आधी बॅटरी बदलतात. खर्च होतो आणि पंखा तसाच राहतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हे होते कसे

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा ओली. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत तिच्यात मीठही असते. बॅटरी चार्ज होताना तिच्या झाकणांतून आम्लाचा बारीक तुषार बाहेर येतो. टर्मिनल शिशाचे, लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) तांब्याचा किंवा पितळेचा, नट-बोल्ट लोखंडाचे. तीन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि वर मीठ, आम्ल, ओल. तिथे गंज धरणारच. त्यातून ट्रॉली बहुधा जिन्याखाली, चिऱ्याच्या दमट भिंतीला टेकवून ठेवलेली.

आता थोडा हिशेब करू. चार पंखे, चार ट्यूब आणि टीव्ही मिळून सुमारे ४२० वॅट होतात. एवढीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर ३५ अँपिअर लागतात आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी धरली तर ४० च्या वर. भिंतीतल्या वायरीतून हाच भार दोन अँपिअरच्या आसपास जातो, म्हणून तिथला थोडासा गंज जाणवत नाही. बॅटरीच्या जोडावर मात्र ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा आला, तरी ४० अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच जातात आणि नटाएवढ्या जागेत १६ वॅटची उष्णता तयार होते.

पंखा वर-खाली का होतो, याचे उत्तर या उष्णतेत आहे. जोड तापला की धातू प्रसरण पावतो, पकड आणखी बिघडते आणि इन्व्हर्टरपर्यंत पोचणारे व्होल्टेज घटते. भार तेवढाच असल्याने इन्व्हर्टर कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ओढतो. त्याने जोड अजून तापतो. शेवटी बीप येते, भार कमी केला की जोड निवतो, व्होल्टेज परत चढते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

चार्जिंगमध्येही हाच जोड घात करतो. चार्जर व्होल्टेज स्वतःच्या टोकाला मोजतो. जोडावरचे व्होल्टेज त्यात मिसळले की त्याला १४.४ व्होल्ट लवकर दिसतात, बॅटरी भरली असे समजून तो करंट आवरतो आणि बॅटरी अर्धवट भरलेलीच राहते. महिनोन्महिने असे चालले तर प्लेटांवर सल्फेट बसते आणि चांगली बॅटरी खरोखरच खराब होते. म्हणून हा बिघाड लवकर पकडायचा.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हे. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट हळूहळू कमी होत जातो, १२-१५ अँपिअरवरून एक-दोनवर येतो. तसेच भार चालू असताना बॅटरीच्या वायरीवरचा करंट मीटरमध्ये थोडा नाचतो, कारण ५० हर्ट्झचा एसी बनवताना इन्व्हर्टर बॅटरीतून सेकंदाला १०० लाटांत करंट ओढतो. आकडा एक-दोन अँपिअर हलला म्हणून घाबरू नका. भार तोच असताना तो कित्येक अँपिअर उड्या मारत असेल तरच पुढे चला.

हात लावण्याआधी

अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही; पण पाना किंवा बांगडी दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. खिडकी उघडा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. देवघराजवळ ट्रॉली असेल तर समई आणि उदबत्ती विझवून मगच काम सुरू करा. बाजूला पाण्याची बादली असू द्या. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचे, डोळ्यात गेले तर धूत राहायचे आणि डॉक्टरकडे जायचे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी मोडची. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो, काहींवर नॉर्मलला इको म्हणतात. यूपीएस मोडमध्ये लाईनचे व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरले की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, वर आले की परत लाईनवर. लाईनच्या टोकाला असलेल्या वाड्यांवर संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज नेमके याच पट्ट्यात घुटमळते. मग रिले टक्-टक् करतो, चार्जिंग लागते-तुटते आणि लोकांना वाटते बॅटरी बिघडली. खटका नॉर्मलवर करून एक संध्याकाळ पाहा. टक्-टक् थांबली तर ती बॅटरीमुळे नव्हती. कमी व्होल्टेजची तक्रार वीज खात्याकडे नोंदवा. नॉर्मल मोडमध्ये चेंजओव्हरला, म्हणजे लाईनवरून बॅटरीवर जायला, जरा वेळ लागतो, त्यामुळे संगणक असेल तर तो मध्येच बंद पडू शकतो. याच जागी बॅटरीच्या प्रकाराचाही खटका असतो. ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीला तो ट्यूब्युलरवरच हवा, नाहीतर चार्जिंगचे व्होल्टेज चुकते.

दुसरी, भाराची. फ्रिज, मिक्सर, विहिरीचा पंप यांतले काही चुकून इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का? मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्रिज अधूनमधून चालू-बंद होतो तसे बल्बही अधूनमधून मंद होतात, म्हणून लक्षण हुबेहूब लूज जोडासारखे दिसते. फ्रिजचा प्लग काढून पाहिला की कळते.

तिसरी, डोळ्यांची आणि हाताची. टर्मिनलवर पांढरी पूड किंवा निळसर-हिरवा थर आहे का ते बघा. पांढरे बहुधा शिशाचे सल्फेट असते. निळे-हिरवे म्हणजे आम्लाने लगचे तांबे खाल्लेले. मग इन्व्हर्टरचा लाईनचा प्लग काढा आणि घरचा नेहमीचा भार बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. नंतर दोन्ही केबलींच्या टोकाशी, रबरी आवरणावरून, उलट्या हाताने चाचपा. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर ठीक. एक थंड आणि एक गरम असेल तर गरम बाजूच्या जोडात दोष आहे. आवरण मऊ पडले असेल, तपकिरी झाले असेल किंवा जळका वास येत असेल तर भार लगेच बंद करा.

पाणी आणि सफाई

फ्लोट इंडिकेटर (बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी) लाल खुणेच्या खाली असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरा, हिरव्या खुणेपर्यंतच. प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरीची क्षमता घटते आणि जास्त भाराला व्होल्टेज कोसळते. इंडिकेटर कधीकधी अडकतो, म्हणून बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा. विहिरीचे पाणी कधीही घालू नका. आपल्या मातीत लोह भरपूर. ते पाण्यात उतरते आणि बॅटरीत लोह गेले की ती न वापरताही आपोआप उतरत राहते. घरच्या आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते. आम्ल तर घरी घालायचेच नाही.

आता सफाई. आधी इन्व्हर्टर बंद करा, लाईनचा प्लग काढा. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. बॅटरीची सगळी झाकणे घट्ट आहेत याची खात्री करा, कारण सोडा आत गेला तर तो आतले आम्लही मारतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल आणि लग घासा. फेस येतो तो आम्ल मरत असल्याचा; फेस थांबेपर्यंत घासायचे, साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. मग जिथे लग आणि शिसे एकमेकांना चिकटतात तो भाग बारीक पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासा.

जोडताना वॉशरकडे लक्ष द्या. लग थेट शिशावर बसायला हवा. वॉशर त्याच्या वर, नटाच्या बाजूला. घाईत केलेल्या कामात लोखंडी वॉशर लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये गेलेला मला कितीतरी घरांत मिळतो. मग सगळा करंट त्या गंजक्या वॉशरमधून जातो. स्प्रिंग वॉशर नसेल तर घाला. नट घट्ट करा पण अंगातली सगळी ताकद लावू नका, शिसे मऊ असते आणि पेच झिजतो. हाताने ओढून लग जरासुद्धा फिरता कामा नये. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर द्या. आठवड्याभराने एकदा पान्याने पाहा, शिसे दबून नट किंचित सैल होतो.

शेवटचा निगेटिव्ह लावताना बारीक ठिणगी पडेल. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात त्याची ती ठिणगी असते, तिला घाबरायचे कारण नाही. पण म्हणूनच खिडकी उघडी हवी.

मल्टिमीटर: सगळ्यात उपयोगी तपासणी

साधा डिजिटल मल्टिमीटर म्हापशाच्या बाजारात काही शे रुपयांत मिळतो, आणि चुकीच्या ठिकाणी हजारो रुपये घालण्यापासून वाचवतो. लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे हे दोनदा बघा. ती चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पिना बॅटरीला टेकल्या, तर सरळ शॉर्ट होतो. याच कारणाने बॅटरीचा करंट या मीटरने मोजायला जाऊ नका. तो मोजायचा तर डीसीवर चालणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) लागतो. एसीचा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाईनचा प्लग काढून भार चालू करा. पिना थेट शिशाच्या टर्मिनलांवर टेकवा, लगवर किंवा नटावर नव्हे. आकडा लिहून घ्या. आता तेच व्होल्टेज दोन्ही लगांवर मोजा, मग इन्व्हर्टरकडच्या टोकांवर. काही मॉडेलांत जाड वायरी बंद पेटीतूनच बाहेर येतात. तिथे पेटी न उघडता डिस्प्लेवरचा आकडा घ्या.

टर्मिनलवर १२ च्या आसपास स्थिर आणि इन्व्हर्टरकडे ११.२, तोही नाचणारा, असे असेल तर बॅटरी निर्दोष आहे. मधल्या वाटेत दोष. दोन्हीकडे आकडा बरोबरीने कोसळत असेल तर दोष बॅटरीत.

वाटेत नेमका कुठे, तेही याच मीटरने सापडते. एक पिन शिशावर, दुसरी त्याच टर्मिनलच्या लगवर. खाजनातल्या मानशीतून, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या बांधातल्या फळीच्या दारातून, पाणी सुटलेले असताना दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी असेल तर वाट मोकळी, आणि एका बाजूला पाणी चढून राहिले असेल तर फळीशी काहीतरी अडकले आहे. इथे मीटर तोच पातळीतला फरक दाखवतो. ४० अँपिअरच्या आसपास भार असताना चांगल्या जोडावर मोजके मिलिव्होल्ट दिसतात. ५० च्या वर संशय, १०० च्या वर दोष नक्की. मग लगपासून केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. दीड मीटर लांब, २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर एवढ्या भाराला ४०-५० मिलिव्होल्ट जाणे रास्त आहे. तीनशे दिसले तर केबल बारीक आहे, आतून खाल्ली गेली आहे, किंवा मध्ये कोणीतरी जोड दिला आहे.

मांद्र्याच्या एका आजींकडे असेच झाले होते. “पुता, नवी बॅटरी आणली रे, तरी पंखा तसाच धापा टाकतो,” त्या म्हणाल्या. दुकानदाराने काही न मोजता बॅटरी बदलून दिली होती. टर्मिनल चकचकीत, नट घट्ट, लगवर पुडीचा कणही नाही. पण निगेटिव्ह लग ते केबलचे दुसरे टोक, एवढ्यात अर्धा व्होल्ट जात होता. लगच्या मानेवरचे काळे आवरण ब्लेडने बोटभर सोलले, तर आतल्या तारा काळ्याठिक्कर, काही तारा हिरव्या पुडीसारख्या झालेल्या, बोटात चुरगळणाऱ्या. आम्ल केशाकर्षणाने आवरणाखाली चढते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. केबल बदलली आणि पंखा सुधारला. जुनी बॅटरी आजींनी बदल्यात देऊन टाकली होती, ती चांगली होती की नाही हे आता कळायचा मार्ग उरला नाही.

केबल, फ्यूज, एमसीबी

काळी पडलेली केबल कापून पुन्हा लग बसवण्यात अर्थ नाही, काळेपणा आत किती दूर गेला ते सांगता येत नाही. पूर्ण तुकडा बदला. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती खाऱ्या हवेत टिकत नाही. लग कथिलाचा मुलामा दिलेला असावा आणि तो क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून बसवावा. हातोडीने ठोकलेला लग आज घट्ट वाटतो, चवथीपर्यंत सैल होतो. हे हत्यार घरी नसते, म्हणून इथे इलेक्ट्रिशियन बोलवा. खर्च फारसा येत नाही.

बॅटरीच्या वायरीत घरगुती एसी एमसीबी बसवलेला दिसला तर तो बदलून घ्या. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन आपोआप विझत नाही. शिवाय ३२ अँपिअरच्या एमसीबीतून ४५ अँपिअर जात राहिले की त्याची टोके तापतात. त्याच्या दोन टोकांवर मीटर लावून पाहा, बऱ्याचदा हरवलेला अर्धा व्होल्ट तिथेच सापडतो.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले असतील तर त्यांच्यामधला तुकडा तपासायला विसरू नका. सफाई करताना तो नेहमी राहून जातो.

दोष बॅटरीतच असेल तर

पूर्ण चार्ज करून, सगळे सोडवून तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेला, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) मिळाला तर प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता घ्या. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती १.२४० च्या जवळ असते. पूर्ण चार्जनंतरही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० हून खाली राहत असेल तर तो सेल जाणार. बॅटरी पाच-सहा वर्षांची असेल तर हे तिचे वय झाले म्हणून, बदला. जोडीतली एकच बदलून नवीला जुनीसोबत लावू नका, जुनी नवीला लवकर संपवते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता किंवा ओढ्याकाठी न टाकता विक्रेत्याकडेच परत द्या, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसारही ती रीतसर पुनर्वापरासाठी जायला हवी.

इथे थांबा

बॅटरीची पेटी फुगली, ती हात ठेववत नाही इतकी तापली, कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा आम्ल गळू लागले, तर काहीही सोडवू नका. नट सैल करताना पडणारी ठिणगी तिथे घातक ठरते. लाईनचा प्लग लांबून बंद करता आला तर करा, खिडक्या उघडा, मुलांना दूर न्या आणि तंत्रज्ञाला बोलवा. चार्जिंगचे व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर दोष चार्जरच्या सर्किटात आहे; तेही तुमचे काम नाही. इन्व्हर्टरची पेटी कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. बॅटरी लिथियमची असेल, किंवा सोलरसाठी ४८ व्होल्टची मांडणी असेल, तर वर सांगितलेल्यापैकी फक्त डोळ्यांनी पाहण्याची तपासणी करा.

सगळे जोड साफ, केबल ठीक, बॅटरीच्या टर्मिनलांवर भारातही व्होल्टेज स्थिर, आणि तरी पंखा वर-खाली होतो, तर दोष इन्व्हर्टरच्या कार्डात (आतल्या सर्किट बोर्डात) आहे. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्या हातात हे आकडे द्या: भार किती होता, भारात टर्मिनलांवर किती व्होल्ट, इन्व्हर्टरकडे किती, चार्जिंग चालू असताना किती, आणि बॅटरी कोणत्या महिन्यात घेतली. आकडे पाहूनही तो काही न मोजता नवी बॅटरी घ्या म्हणाला, तर आधी तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.